दोन गुंठे, दोन हजार लिटर : उन्हाळी परसबागेच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५

जागा पुरंदर तालुक्याच्या पूर्व भागातली. हलकी, मुरमाड जमीन, दोन फुटांखाली चुनखडी. क्षेत्र दोन गुंठे, म्हणजे साधारण २०० चौरस मीटर. त्यात १.२ × ६ मीटरचे दहा वाफे, म्हणजे प्रत्यक्ष लागवड ७२ चौरस मीटरवर. बाकी वाटा, मांडव आणि खताचा खड्डा.

पाणी विहिरीचं. दर चौथ्या दिवशी मोटर चालते आणि २,००० लिटरची टाकी भरते. रोजचे ५०० लिटर धरायचे. एप्रिलमध्ये भाजीपाला दिवसाला चौरस मीटरमागे सहा लिटरच्या आसपास पाणी ओढतो. ७२ गुणिले ६ म्हणजे ४३२. उरले ६८ लिटर. गळती, जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण), फवारणी, पाखरांचं पाणी, सगळं त्यातच. म्हणून टोमॅटो वगळला. रात्री तापू लागल्या की त्याचं फूल गळतं, पाणी मात्र पुरेपूर लागतं.

वाफे गादीचे न करता खोलगट केले, वाटेपेक्षा ८ ते १० सेंमी खाली. उन्हाळ्यात गादीवाफा बाजूंनी सुकतो. प्रत्येक वाफ्यात ३० किलो कुजलेलं शेणखत आणि १ किलो निंबोळी पेंड, वरच्या वीतभर मातीत मिसळून. कच्चं शेणखत घातलं की हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी दोन्ही येतात. ढेकूळ फोडलं की आतून काळं आणि बिनवासाचं हवं.

१६ फेब्रुवारी

ठिबक जोडलं. १६ मिमी इनलाइन नळी, म्हणजे आतच ४० सेंमीवर ड्रिपर (पाणी थेंबाथेंबाने सोडणारी तोटी) बसवलेली, वाफ्याला दोन नळ्या. एका नळीवर १५, एकूण ३०० ड्रिपर.

ड्रिपरवर 'ताशी ४ लिटर' लिहिलेलं असतं, ते १ किलो दाबाला, म्हणजे १० मीटर उंचीवरच्या पाण्याला. आपली टाकी २ मीटरच्या चौथऱ्यावर. साध्या ड्रिपरचा विसर्ग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो, त्यामुळे हिशेबाने ताशी १.८ लिटर यायला हवं. ड्रिपरखाली वाटी ठेवून सहा मिनिटं मोजलं : टाकीजवळ १७५ मिली, शेवटच्या टोकाला १५० मिली. सरासरी १.६ लिटर धरू. दहाही वाफे एकदम सोडले तर टोकाला थेंब थेंबच येतो, म्हणून दोन व्हॉल्व्ह, पाच-पाच वाफे, प्रत्येकी एक तास. रोजचे ४८० लिटर.

टाकी काळीच घ्यावी. पांढरीत ऊन शिरतं, शेवाळ धरतं आणि जाळीचा फिल्टर आठवड्यात बुजतो. फिल्टर १२० मेशचा, तिसऱ्या दिवशी धुवायचा. नळ्यांच्या शेवटच्या टोप्या पंधरवड्याला काढून पाणी वाहतं सोडायचं. पहिली धार गढूळ येते, ती स्वच्छ होईपर्यंत.

२३ फेब्रुवारी

पेरणी. वाण सगळे सरळ, संकरित एकही नाही, कारण बी धरायचं आहे.

भेंडी (परभणी क्रांती) तीन वाफे, ४५ × ३० सेंमी, बी रात्रभर भिजवून, एका जागी दोन. गवार (पुसा नवबहार) दोन वाफे. चवळी एक. काकडी (फुले शुभांगी) एक वाफा. दोडका आणि दुधी मिळून एक वाफा, त्यावर सात फूट उंच मांडव. मिरची एक वाफा, रोपं तयार आणलेली. शेवटचा वाफा कोथिंबीर-पालक. धणे चपलेखाली रगडून दोन फाकी केले. अख्खे पेरले तर निम्मेच उगवतात.

दोडक्याचं बी टणक. टोकाची कड वाळूच्या कागदावर घासली आणि बारा तास भिजत ठेवलं.

६ मार्च

उगवण : भेंडी चांगली, गवार चांगली, काकडी ठीक, दोडका रडतखडत. नांग्या भरल्या, म्हणजे न उगवलेल्या जागी पुन्हा बी टोकलं. भेंडीची विरळणी केली, जास्तीचं रोप उपटायचं नाही, कात्रीने कापायचं. उपटताना शेजारच्याची मुळं हलतात.

तांबडा भुंगेरा आला. वेल दोन पानांवर असतानाच हा पानांची चाळणी करतो. चार पानांपुढे गेलेला वेल सहसा तग धरतो, तेवढे दहा-बारा दिवस राखायचे. सकाळी सातच्या आत भुंगेरे थंडीने जड असतात, साबणाच्या पाण्याच्या डब्यात झटकून पाडले. पहिल्या दिवशी ३४, चौथ्या दिवशी ६. चाळलेली गोवरीची राख पानांवर टाकली, पण दवात भिजली तरच ती चिकटून राहते.

१५ मार्च

उसाचं पाचट पसरलं, ८ सेंमी जाड. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी. नळ्या पाचटाखाली घेतल्या.

मिरची आणि कोथिंबिरीवर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट. वेलांवर आणि भेंडीवर नाही, सावलीत फूल कमी धरतं. नेट तारेला ताणून बांधली तर वावटळीत कडेची भोकं फाटतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे कापून त्यांनी बांधली, वाऱ्याला ती थोडी देते आणि परत येते. पश्चिमेला अडीच फुटांचा पडदा खाली सोडला. तीननंतरचं ऊन तिरपं येतं आणि तेच जास्त भाजतं.

२२ मार्च

चार दिवसांची टाकी तीन दिवसांत संपली. रोज साधारण १६० लिटर कुठे तरी जातंय. ड्रिपर मोजले, सगळे कमी. मग पाचट उचलून नळ्या पाहिल्या : ११ ठिकाणी कुरतडलेल्या.

दोन प्रकारच्या खुणा आहेत. सात ठिकाणी नळीच्या वरच्या अंगाला, टोकाकडे, जिथे ती पाचटाबाहेर येते तिथे. ही खारीची. चार ठिकाणी खालून, पाचटाच्या आत, आजूबाजूला लेंड्या आणि पोकळ वाट. हे उंदीर. भूक म्हणून प्लास्टिक कोणी खात नाही. नळीत पाणी आहे हे त्यांना कळतं, आणि आसपास कोसभरात उघडं पाणी फक्त विहिरीच्या तळाला.

कुरतडलेला भाग कापून १६ मिमीचा जॉइनर बसवायचा. नळी कोवळ्या उन्हात मऊ झाली की सहज चढते, थंडीत जबरदस्तीने चढवली तर तिथेच फाटते. चिकटपट्टी गुंडाळण्याच्या फंदात पडू नये, दोन दिवसांत गळते.

२६ मार्च

बागेबाहेर पाणवठा. नळ्यांना औषध लावण्यापेक्षा हे स्वस्त.

कुंपणापासून आठ मीटर, झुडपापासून तीन मीटर मोकळ्या जागेत. झुडूप खेटून असेल तर मांजर दबा धरतं. फार लांब असेल तर लहान पाखरं उतरतच नाहीत.

बशीच्या आकाराचा खड्डा, व्यास १.२ मीटर, मध्यभागी पाण्याची खोली १२ सेंमी, कडेला शून्य. उभ्या भिंतीचा हौद नको. त्यात पिल्लं, सरडे, मधमाश्या पडतात आणि बाहेर येऊ शकत नाहीत. खाली ५ सेंमी मुरूम चोपून, त्यावर कोंबडीजाळी, त्यावर ४ सेंमी गिलावा. एक घमेलं सिमेंट, चार घमेली चाळलेली वाळू. ओलं असतानाच खराट्याने ओरखडे काढले, गुळगुळीत पृष्ठभागावर पाय घसरतो. ओलं गोणपाट टाकून आठ दिवस पाणी मारायचं.

३ एप्रिल

पाणवठा भरून दोन दिवस ठेवला आणि ओतून दिला. नव्या सिमेंटचं पाणी खारवट, बुळबुळीत लागतं. आणखी एकदा तसंच करायचं. तोवर मातीच्या चार परळांत पाणी.

६ एप्रिल

पाणवठा सुरू. त्यात साधारण ४५ लिटर मावतं. उन्हाने दिवसाला एक सेंमी उडतं, म्हणजे १० ते ११ लिटर, पिण्याचं वेगळं. रोज १५ लिटर वर घालावं लागतं. मध्ये तीन खडबडीत दगड, पाण्याबाहेर डोकं काढतील असे. फुलोरी आणि सातेरी माश्या दगडाच्या ओल्या कडेवर बसून पाणी घेतात.

दर तिसऱ्या दिवशी पूर्ण ओतून खराट्याने घासायचा. डासाची अंडी ते उडता डास एवढा प्रवास उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत होतो, त्यामुळे तीन दिवसांचा फेरा पुरेसा.

कडेने फूटभर रुंद पट्ट्यात चाळलेली माती टाकली. सकाळी तिच्यावर ठसे वाचता येतात. आज : सातभाईंचा अख्खा मेळावा, मोर, मुंगूस, ससा, आणि गावातलं कुत्रं.

१२ एप्रिल

दुपारी सावलीत ४० अंश. भेंडीचा पहिला तोडा, सव्वा किलो. यापुढे एकाड एक दिवस. तिसऱ्या दिवसावर गेलं की निबर होते आणि झाडही फूल धरायचं मंदावतं.

वेलांना फुलं भरपूर, फळ नाही. यात रोग काही नाही. उन्हाची तीव्रता वाढली की वेलवर्गात नर फुलं जास्त येतात, मादी कमी. ज्या मादी येतात त्यांचं परागीभवन व्हायला हवं, आणि इथेच वेळ चुकते. काकडी सकाळी उमलते, मधमाश्या तिचं काम करून जातात. दोडका उमलतो संध्याकाळी पाचनंतर, दुधीचं पांढरं फूल त्याहून थोडं उशिरा. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे पतंग. बागेवर रात्रभर पिवळा दिवा जळत असेल तर पतंग दिव्याभोवती फिरतात, फुलांवर नाही. खांबावरचा दिवा बंद केला.

शिवाय हाताने : संध्याकाळी सहा ते साडेसात. देठाशी बारकं फळ असलेलं फूल मादी. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या, मधला भाग मादीच्या मध्यावर हलके फिरवायचा. एका नरात दोन-तीन माद्या होतात. आज दोडक्याची ९, दुधीची ४ फुलं केली, दोरा बांधून ठेवला.

१८ एप्रिल

दोरा बांधलेल्या १३ पैकी १० फळं धरली. न केलेल्यांपैकी बहुतेक पिवळी पडून गळाली.

नळ्या : ६ एप्रिलपासून वरच्या बाजूचा एकही नवा चावा नाही. खालचे तीन. म्हणजे खारीला पाणी दिलं की तिचं भागतं, उंदराला पाण्याइतकंच पाचटाचं घर हवं असतं. नळीच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच पाचट मागे सारलं, नळी उघडी ठेवली. थोडं पाणी उडेल, चालेल.

पाणवठ्याच्या पलीकडे, खडीच्या सखल जागेत टिटवीची चार अंडी. घरटं कसलं, नुसते खडे सारून केलेला खळगा. ढकलगाडीची वाट पाच मीटर वळवली, दोन खुंट्या ठोकून खूण केली. भर दुपारी टिटवी पाणवठ्यात पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, अंडी थंड ठेवायला.

२१ एप्रिल

भेंडीवर लाल कोळी. पानाच्या वर बारीक पांढुरके ठिपके, खाली जाळं, पान उलटं करून पांढऱ्या कागदावर झटकलं की ठिपके चालू लागतात. कोरडी हवा आणि धूळ त्याला मानवते. वाटेकडचाच वाफा आधी धरला आहे, धुळीमुळे.

विद्राव्य गंधक हा नेहमीचा उपाय, पण ३५ अंशांवर ते पानं जाळतं, वेलवर्गाची तर हमखास. सध्या बाद. तीन दिवस सलग पहाटे पानांच्या खालच्या अंगावर पाण्याचा जोराचा फवारा. फार जाळं असलेली खालची पानं काढून पिशवीत. चौथ्या दिवशी संध्याकाळी ५ टक्के निंबोळी अर्क : १० लिटरला अर्धा किलो निंबोळीची भरड, रात्रभर फडक्यात भिजवून, पिळून, चमचाभर साबणचुरा. अर्क त्याच दिवशी वापरायचा. वाटेवर रोज दोन झाऱ्या पाणी, धूळ दबण्यापुरतं.

हळद्या रोग झालेली भेंडीची दोन झाडंही काढली. शिरा पिवळ्या पडलेलं झाड बरं होत नाही, पांढरी माशी तोवर तो रोग शेजारच्या झाडांना वाटत सुटते.

३० एप्रिल

अक्षय्य तृतीया. पावसाळी वेलांची आळी (बी लावायचे गोल खळगे) आजच धरायची रीत आहे आणि ती सोयीची आहे. पाऊस येईपर्यंत वेल मांडवाला लागतो. कारली (हिरकणी) चार आळी, घोसाळी दोन.

ही आळी ठिबकच्या बाहेर, म्हणून मडकी पुरली. ६ लिटरचं, न रंगवलेलं, न चमकवलेलं मडकं, गळ्यापर्यंत मातीत, वर परळ झाकण. विकत घेताना भरून तासभर ठेवायचं, बाहेरून ओलसर झालं पाहिजे. कोरडं राहिलं तर ते जास्त भाजलेलं आहे, झिरपणार नाही. दिवसाला सव्वा ते दीड लिटर झिरपतं, चौथ्या दिवशी भरायचं. बी मडक्यापासून चार बोटांवर. विहिरीच्या क्षारांनी महिन्या-दीड महिन्यात छिद्रं बुजतात.

झाकण विसरू नये. उघड्या मडक्यात सरडे बुडतात.

८ मे

वळीव. गेले तीन दिवस रोज संध्याकाळी. ठिबक बंद.

१४ मे

चवळीचे शेंडे ससा खात होता म्हणून वाफ्याभोवती तंगूसाची (बारीक नायलॉन दोऱ्याची) जाळी जमिनीपर्यंत सोडली होती. चूक. सकाळी त्यात धामण अडकलेली. बारीक तंगूस सापाला दिसत नाही, डोकं शिरतं आणि मागे येताना खवल्यांत धागा रुततो. ओढायचं नाही. सर्पमित्राने डोक्यावर ओलं फडकं टाकून लहान कात्रीने एकेक धागा कापला, शेवटी पूर्ण अंगावर बोटं फिरवून रुतलेला धागा राहिला नाही ना हे पाहिलं. वीस मिनिटं. साप बिनविषारी असला तरी हे काम आपण करायचं नाही, धामण आणि नाग यांत घाईत गल्लत होते.

जाळी काढली. सशासाठी बोराटीच्या काट्या, एकमेकींत अडकवून दोन फूट उंच. धामण त्यातून आरामात जाते. जायलाच हवी, पाचटाखालचे उंदीर तीच संपवते.

१६ मे

टिटवीची तीन पिल्लं बाहेर. चौथं अंडं वांझ. टिटवीने सखल जागी अंडी घातली तर पाऊस कमी, असं गावात म्हणतात. यंदा टिटवीने सपशेल चुकवलं.

२२ मे

पाऊस थांबेना. फेब्रुवारीतले खोलगट वाफे आता डबकी झालेत. कोथिंबीर आणि पालक सडले. गवारीची पानं पिवळी, मुळांना हवा नाही.

सगळं सोडून आधी चर काढले : प्रत्येक वाफ्याच्या उताराच्या बाजूने वाट फोडून वीतभर खोल चर, सगळे खालच्या बांधाकडे. भेंडी आणि मिरचीला वाटेची माती ओढून भर लावली. म्हणजे खोलगट वाफ्याचा उभ्या पिकातच वरंबा झाला. चिखल असताना मात्र पाय घालू नये, माती घट्ट बसते. वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती हाताळण्याइतकी सुकेपर्यंत थांबून, वाटेत फळी टाकून काम केलं. पाचट पूर्ण ओढून ढिगाला.

काकडीवर केवडा रोग. पानाच्या वर शिरांमध्ये कोनाकोनाचे पिवळे डाग, खाली करडी बुरशी. खालची पानं काढली, उघडीप मिळाली त्या संध्याकाळी कॉपर ऑक्सिक्लोराइड, १० लिटरला २५ ग्रॅम. ओल्या पानावर मारून उपयोग नाही.

फळमाशीही ओलीबरोबर वाढली. दोडक्यावर टोचा, त्यातून डिंकाचा थेंब, मग फळ वाकडं. क्यू-ल्यूरचे (फळमाशीच्या नराला ओढणाऱ्या वासाचे) दोन सापळे मांडवाखाली, पण त्यात फक्त नर येतात, मादी टोचतच राहते. खात्रीचा उपाय एकच : बोटभर फळाला कागदी पिशवी. किडकी फळं खताच्या खड्ड्यात गेली तर तिथे माशीचीच शेती होते. काळ्या पिशवीत गाठ मारून सहा दिवस ठेवली. ऊन नाही म्हणून दोन फूट खोल पुरली.

२६ मे

मोसमी पाऊस आज पुणे-मुंबईत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. दरवर्षीपेक्षा जवळपास दोन आठवडे आधी. काल बारामती, दौंड, इंदापूरकडे धो धो झाला. आमचे चर वाहते राहिले, गवारीचा एक वाफा गेला, दुसरा उभा आहे. पावशा पहाटेपासून 'पेरते व्हा' करतोय, पण रानात वाफसा कुठे आहे?

८ जून

ठिबक गुंडाळलं. आधी टोप्या काढून पाणी सोडलं, मग नळ्या तीन फुटांच्या वेटोळ्यात. लहान वेटोळं केलं की नळी चिमटते आणि पुढच्या वर्षी तिथेच फुटते. क्षारांनी ४१ ड्रिपर पूर्ण बंद निघाले, वेगळी खूण केली. जमिनीवर ठेवायचं नाही, उंदीर. छपराच्या वाशाला टांगलं.

मडकी काढली, काथ्याने घासून उलटी ठेवली. पाणवठा पावसाने भरलेलाच असतो, तरी तिसऱ्या दिवशी ओतून घासणं चालू.

१५ जून

भेंडीची निरोगी सहा झाडं मेमध्ये लाल दोरा बांधून बियाण्याला राखली होती. शेंगा झाडावरच वाळू द्यायच्या असतात, पण या पावसात त्या आतून काळ्या पडायला लागल्या. तपकिरी छटा येताच देठासकट तोडून चुलीच्या वर, धुरात टांगल्या. दोडक्याची दोन फळं मांडवावरच सोडली आहेत. हलवल्यावर बी अजून वाजत नाही.